भाषेचं घरटं : एका कल्पनेचा मागोवा

वेलिंग्टन ही न्यूझीलंडची राजधानी. तिच्या शेजारच्या लोअर हटहून एक डोंगर ओलांडला की वाइनुइओमाता हे कामगारवस्तीचं उपनगर लागतं. एप्रिल १९८२ मध्ये या उपनगरात, पुकेआतुआ इथे, लहान मुलांचा एक वर्ग सुरू झाला. वर्ग आपण आपल्या सोयीसाठी म्हणायचं. तिथे इयत्ता नव्हती आणि परीक्षा तर नव्हतीच. पाच वर्षांच्या आतली मुलं, आणि त्यांना सांभाळायला माओरी बोलणारी वडीलधारी माणसं. प्रार्थना, गाणी, खेळ, जेवण, झोप, रडणं आणि समजूत काढणं, दिवसभर जे काही चालायचं ते सगळं माओरीत. उंबऱ्याच्या आत इंग्रजी बोलायचं नाही, हा नियम मात्र कडक. या जागेला नाव दिलं गेलं ‘कोहांगा रेओ’, म्हणजे भाषेचं घरटं.

आज हवाई बेटांवर, फिनलंडच्या उत्तर टोकाला आणि कॅनडातल्या आदिवासी वस्त्यांत ही रीत चालू आहे. मरणपंथाला लागलेल्या भाषांसाठी गेल्या शंभर वर्षांत अभ्यासकांनी पुष्कळ केलं. शब्दकोश झाले, व्याकरणं झाली, म्हाताऱ्या माणसांचे आवाज फितींवर उतरवून ठेवले गेले. त्यामुळे भाषेची नोंद राहिली, आणि ती फार मोलाची आहे. पण भाषा बोलणारी नवी मुलं जिथे जिथे दिसू लागली, तिथे बहुतेक वेळा मागे असं एखादं घरटं होतं. म्हणून ही कल्पना कुठून आली, कोणाच्या हातून आली आणि दुसऱ्या मुलखांत गेल्यावर तिचं काय झालं, हे पाहण्यासारखं आहे. आपल्याला तर ते पाहणं भागच आहे, कारण महाराष्ट्रातही एक भाषा याच वळणावर उभी आहे. तिच्याकडे शेवटी येऊ.

माओरी ही अडाणी, लिपीहीन म्हणून मागे पडलेली भाषा होती, असा समज कोणी करून घेऊ नये. ६ फेब्रुवारी १८४० रोजी वायटांगी इथे ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी सरदार यांच्यात करार झाला, तेव्हा बेटांवर माओरी लोकच बहुसंख्य होते आणि गोऱ्यांना त्यांच्याशी व्यवहार करायचा तर माओरी शिकावी लागे. कराराचा मसुदाही दोन्ही भाषांत होता. मिशनऱ्यांनी लिपी आणली आणि माओरींनी ती झपाट्यानं उचलली. १८४२ मध्ये माओरी भाषेतलं पहिलं वर्तमानपत्र निघालं. पुढे पन्नास-साठ वर्षं या भाषेत पत्रं लिहिली जात होती, अर्ज केले जात होते, राजकारण होत होतं.

१८६७ मध्ये ‘नेटिव्ह स्कूल्स’चा कायदा आला. गावानं जमीन द्यायची, सरकारनं शाळा चालवायची आणि शिकवायचं इंग्रजीत. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. इंग्रजी शिकवा, अशी मागणी त्या काळात काही माओरी पुढाऱ्यांनीही केली होती. त्यांचा हिशेब साधा होता. माओरी तर घरी, रानात, सभेत, आईच्या कडेवर येणारच. शाळेत इंग्रजी आली की पोरं दोन्हीकडे तरबेज होतील. एका भाषेच्या बदल्यात दुसरी, असा सौदा त्यांनी कधीच मान्य केला नव्हता. शाळेनं मात्र तो त्यांच्यावर लादला. शाळेच्या आवारात माओरी बोललं की शिक्षा, असा प्रघात पडला.

सर जेम्स हेनारे हे दुसऱ्या महायुद्धात माओरी पलटणीचं नेतृत्व केलेले सेनानी. १९८५ मध्ये, म्हातारपणी, कराराबाबतच्या तक्रारी ऐकणाऱ्या वायटांगी न्यायाधिकरणापुढे साक्ष देताना त्यांनी आपल्या शाळेची आठवण सांगितली. शाळेच्या आवारात माओरी बोलल्याबद्दल त्यांना रानात पाठवलं गेलं होतं. तिथून वेतासारख्या एका चिवट वेलाचा तुकडा स्वतःच तोडून आणायचा, मास्तरांच्या हाती द्यायचा आणि त्याचेच फटके खायचे. ज्याला मार बसणार त्याच्याच हातून छडी आणवण्यामागे काय मनोवृत्ती होती, हे वेगळं सांगायला नको. असा मार खाल्लेल्या पिढीनं पुढे आपल्या मुलांशी माओरी बोलणंच टाळलं. भाषेचं प्रेम आटलं होतं असं नव्हे. आपण जे सोसलं ते पोरांच्या वाट्याला येऊ नये, एवढीच आईबापांची धडपड होती.

तरी गावं होती तोवर भाषा तगून होती. १९१३ मध्ये शाळेत जाणाऱ्या माओरी मुलांपैकी ९० टक्क्यांहून अधिक मुलांना माओरी येत होती. मग युद्ध झालं आणि कारखान्यांनी तरुणांना शहरांकडे ओढून नेलं. महायुद्धाच्या सुमारास चारांतले तीन माओरी खेड्यांत राहत होते. पुढच्या चार दशकांत हे प्रमाण पुरतं उलटलं. शहरात घरं देताना माओरी कुटुंबं गोऱ्या वस्तीत विखरून ठेवायची, असं सरकारी धोरण होतं. शेजारी आजी नाही, पलीकडच्या गल्लीत मावशी नाही, सभा भरवायला अंगण नाही. १९५३ मध्ये माओरी येणाऱ्या शाळकरी मुलांचं प्रमाण २६ टक्क्यांवर आलं आणि १९७५ मध्ये ५ टक्क्यांच्याही खाली गेलं. एका माणसाच्या आयुष्यात मावेल एवढ्या काळात हे घडलं.

सत्तरच्या दशकात रिचर्ड बेंटन या अभ्यासकाच्या पाहणीनं या घसरणीचं खरं रूप दाखवलं. न्यूझीलंडच्या शैक्षणिक संशोधन परिषदेतर्फे १९७३ पासून त्यांचे सहकारी हजारो माओरी कुटुंबांत जाऊन चौकशी करत होते. अस्खलित बोलणारी माणसं तेव्हा सुमारे ७० हजार निघाली. आकडा लहान नाही. पण बोलणारे बहुतेक सगळे उतारवयाकडे झुकलेले, आणि लहान मुलांशी माओरीतच बोलणारी घरं शोधूनही सापडत नव्हती. भाषेचं आयुष्य मोजताना ती किती जणांना येते यापेक्षा ती येणाऱ्यांत सगळ्यांत धाकटं कोण, हे विचारावं लागतं. माओरीच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर भयंकर होतं.

घरट्याची कल्पना या भीतीतून जन्माला आली, पण ती एकाएकी सुचलेली नव्हे. तिच्या आधीचे तीन टप्पे स्पष्ट दिसतात.

पहिला टप्पा रस्त्यावरचा. १४ सप्टेंबर १९७२ रोजी ‘ङा तामातोआ’ या तरुणांच्या संघटनेनं आणि विद्यापीठातल्या माओरी भाषा मंडळानं मिळून संसदेच्या पायऱ्यांवर एक अर्ज नेऊन दिला. त्यावर ३० हजारांहून अधिक सह्या होत्या. शाळांत माओरी शिकवा, एवढीच मागणी. पुढाकार हाना ते हेमारा या तरुणीचा. सह्या गोळा करणाऱ्यांतल्या अनेकांना स्वतःला माओरी येत नव्हती, आणि ती येत नाही हेच त्यांचं दुःख होतं.

दुसरा टप्पा नियोजनाचा. १९७५ मध्ये वेलिंग्टनच्या उत्तरेला ओटाकी भागातल्या तीन जमाती एकत्र बसल्या. त्यांनी आपल्याच माणसांचा आढावा घेतला, तेव्हा तिशीच्या आतलं कोणीच भाषा बोलत नाही असं निघालं. त्यांनी इसवी सन २००० डोळ्यांसमोर ठेवून पंचवीस वर्षांचा कार्यक्रम आखला. सरकार काय देईल याची वाट न पाहता जमातीनं स्वतःच्या भाषेची जबाबदारी स्वतः घेतली, हा या टप्प्याचा विशेष.

तिसरा टप्पा शिकवण्याच्या पद्धतीचा. काटेरिना माताइरा आणि ङोई पेफाइरांगी या दोघींनी १९७९ च्या सुमारास ‘ते आताआरांगी’ ही चळवळ सुरू केली. त्यांचं साधन म्हणजे रंगीत लाकडी कांड्या. बेल्जियममधल्या जॉर्ज क्विझनेर या शिक्षकानं त्या अंकगणितासाठी तयार केल्या होत्या आणि कॅलेब गॅतेन्यो यांनी त्या भाषा शिकवण्यासाठी वापरल्या होत्या. शिकणारे मोठी माणसं, बहुतेक सगळे पोटापाण्याचं काम सांभाळून आलेले. शिकवणारी बाई एक कांडी उचलते आणि म्हणते, ‘राकाउ’. तांबडी उचलते आणि म्हणते, ‘राकाउ फेरो’. मग गप्प बसते. आता बोलायचं ते शिकणाऱ्यांनी. कांडी दे, कांडी घे, तांबडी निळीवर ठेव, ती कोणाकडे आहे, असं करत करत वाक्यं वाढत जातात. कागद नाही, पेन्सिल नाही, इंग्रजीत अर्थ सांगणं नाही. नियम थोडे आणि माणुसकीचे: दुसरा अडखळला तर त्याच्या तोंडात उत्तर घालायचं नाही, आणि सगळ्यांनी एकमेकांना सांभाळून घ्यायचं. ज्यांना लहानपणी भाषेपायी लाज वाटायला लावली होती, त्यांना न लाजता चुकता येईल अशी जागा या दोघींनी तयार केली. घरट्यांना पुढे लागलेले कितीतरी हात याच वर्गांतून आले.

१९७९ पासून माओरी व्यवहार खात्यानं जमातींच्या वडीलधाऱ्यांच्या मोठ्या बैठका भरवल्या. खात्याचे सचिव कारा पुकेतापू स्वतः माओरी. त्यांनी अधिकाऱ्यांना बोलण्यापेक्षा ऐकायला बसवलं. बैठकांत पुन्हा पुन्हा एकच गोष्ट पुढे आली. भाषा आजीआजोबांकडे आहे. आईबापांकडे ती नाही, आणि असली तरी तोंडावर येत नाही. मग ती मधली पिढी तयार होईपर्यंत थांबायचं कशाला? दूधपितं मूल आजीच्या हवाली करा, आजी जशी बोलते तशी बोलू द्या. पाच वर्षांत मूल बोलतं होईल. शाळेत घुसण्याची लढाई चालत राहील, पण शाळेच्या आधीची पाच वर्षं कोणाच्या परवानगीची वाट पाहत नाहीत. इतका सरळ विचार आधी कोणाला का सुचला नाही, असं आज वाटतं. पण तो सुचायला भाषेचा धनी कोण, याबद्दल मनात शंका नसावी लागते. ती खात्री या वडीलधाऱ्यांकडे होती.

जीन पुकेतापू यांनी पुकेआतुआचं पहिलं घरटं उभं केलं. इरिताना ताफिफिरांगी या खात्यातल्या अधिकारी बाईंनी ही चळवळ देशभर नेली. १९८२ संपेपर्यंत अशी शंभराच्या आसपास घरटी झाली होती. जागा मिळेल ती: जमातीच्या सभागृहाची ओसरी, चर्चमागची खोली, कोणाच्या घराचं गॅरेज. पैसा थोडा होता, माणसं मात्र पुष्कळ होती.

या घरट्यांचा कारभार पाहण्यासारखा होता. मूल आत ठेवलं की अख्खं घर आत आलं. ‘फानाउ’ म्हणजे आईबाप, आजीआजोबा, काका, आत्या असं सगळं गोत. निर्णय त्यांच्या सभेत व्हायचे आणि सर्वांचं एकमत होईपर्यंत सभा चालायची. कोणी स्वयंपाक करायचं, कोणी फरशी पुसायचं, कोणी मुलांची ने-आण करायचं. संध्याकाळी आईबापांना मुलांच्या मागोमाग भाषा शिकावी लागे, कारण दिवसभर माओरीत वावरलेलं मूल घरी येऊन माओरीतच पाणी मागायचं. तत्त्वं चार ठरली: आत पूर्ण माओरी, कारभार कुटुंबाचा, आपल्या कामाचा जाब आपणच द्यायचा, आणि मुलांचं व घराचं आरोग्य राखायचं. पहिलं तत्त्व भाषेचं, बाकीची तीन माणसांना एकत्र बांधणारी. ही बांधणी होती म्हणूनच पहिलं तत्त्व टिकलं.

भाषेत बुडवून शिकवण्याचे प्रयोग जगात त्याआधीही झाले होते. कॅनडात माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्टमध्ये १९६५ साली इंग्रजीभाषक पालकांनी आपल्या मुलांसाठी फ्रेंचमधला वर्ग सुरू करून घेतला होता. वेल्समध्ये १९७१ मध्ये वेल्श बालवर्गांची संघटना झाली होती. पण फ्रेंचच्या मागे एक मोठं जग उभं होतं आणि वेल्शच्या मागे आपल्या मुलांशी वेल्श बोलणारी गावं होती. मधल्या पिढीची भाषा जवळजवळ पूर्ण गेलेली असताना आजीचा हात नातवाच्या हाती द्यायचा, हे धाडस माओरींचं.

मुलं पाच वर्षांची झाली आणि पुढचा पेच उभा राहिला. इंग्रजी शाळेत गेलेली पोरं बघता बघता माओरी विसरू लागली. तेव्हा १९८५ मध्ये ऑकलंडच्या होआनी वाइतिती सभागृहात पालकांनी स्वतःची माओरी शाळा काढली. त्याच वर्षी भाषेचा दावा वायटांगी न्यायाधिकरणापुढे सुनावणीला आला. भाषा हा करारानं राखलेला ठेवा आहे आणि तो जपणं सरकारवर बंधनकारक आहे, असा निवाडा न्यायाधिकरणानं १९८६ मध्ये दिला. १९८७ च्या कायद्यानं माओरी अधिकृत भाषा झाली आणि १९८९ च्या शिक्षण कायद्यानं माओरी शाळांना मान्यता दिली. क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आधी घरटं, मग शाळा, मग कायदा.

तोवर घरट्याची बातमी समुद्रापार पोहोचली होती. हवाईयन ही माओरीची नात्यातली भाषा. तिचीही कहाणी जवळजवळ तशीच. १८३४ पासून पुढे शंभराच्या आसपास वर्तमानपत्रं या भाषेत निघाली होती, साक्षरता मोठी होती. १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानीची सत्ता उलथवली गेली आणि १८९६ च्या कायद्यानं शाळेचं माध्यम फक्त इंग्रजी झालं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अठरा वर्षांखालची हवाईयन बोलणारी मुलं पन्नाससुद्धा उरली नव्हती. अपवाद निइहाउ या एका लहान, खाजगी मालकीच्या बेटाचा. तिथे बाहेरच्यांना सहसा प्रवेश नव्हता आणि घराघरांत हवाईयनच चालू होती.

त्याच सुमारास माओरी भाषातज्ज्ञ तिमोती कारेतू हवाईला गेले आणि त्यांनी तिथल्या शिक्षकांना घरट्यांबद्दल सांगितलं. लॅरी किमुरा हे १९७२ पासून रेडिओवर म्हाताऱ्या हवाईयन माणसांना बोलतं करत होते. विल्यम विल्सन आणि काउआनोए कामाना या जोडप्यानं आपल्या घरात मुलांशी फक्त हवाईयन बोलायचं ठरवलं होतं. अशा मोजक्या माणसांनी १९८३ मध्ये ‘आहा पुनाना लेओ’ ही संस्था स्थापली. पुनाना लेओ म्हणजेही घरटंच. पहिलं घरटं १९८४ मध्ये काउआई बेटावर केकाहा इथे सुरू झालं, कारण निइहाउहून आलेली कुटुंबं तिथे राहत होती.

इथे अडचण वेगळ्या जागी आली. बालवाडीत शिकवायला पदवी हवी, असा राज्याचा नियम. निइहाउच्या आज्यांकडे भाषा होती, पदवी नव्हती. शिवाय १८९६ चा कायदा अजून पुस्तकात होता. पालकांनी राजधानीत खेटे घातले, आमदारांना गाठलं, आणि १९८६ मध्ये कायदा बदलून घेतला. १९८७ मध्ये सरकारी शाळांत हवाईयन माध्यमाचे वर्ग सुरू झाले. पुनाना लेओमध्ये मूल घालायचं तर पालकांनी दर आठवड्याला भाषेच्या वर्गाला बसायचं आणि महिन्याला आठ तास शाळेचं काम करायचं, अशी अट होती. माओरींची ‘फानाउ’ची रीत हवाईनं अशी उचलली. १९९९ मध्ये बालवाडीपासून बारावीपर्यंत हवाईयनमधून शिकलेली पहिली मुलं बाहेर पडली. २०१६ च्या राज्याच्या पाहणीत घरी हवाईयन बोलणारे १८ हजारांवर होते.

कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या ॲडम्स लेक भागात सेक्वेपेम जमातीच्या पालकांनी १९८७ मध्ये आपलं घरटं काढलं आणि त्यातूनच १९९१ मध्ये चीफ आताम शाळा उभी राहिली. पुढे कॅनडातल्या इतर वस्त्यांतही ही रीत पसरली. पण या कल्पनेचं सर्वांत अवघड काम पाहायचं तर फिनलंडमधल्या इनारी सरोवराकाठी जावं लागतं.

इनारी सामी ही भाषा जगात त्या एका सरोवराच्या परिसरातच बोलली जाते. १९२० च्या इन्फ्लुएंझानं या छोट्या समाजाचा मोठा घास घेतला. युद्धानंतर मुलं फिनिश वसतिगृहांत ठेवली गेली आणि भाषा घरापासून तुटली. नव्वदच्या दशकात बोलणारे तीन-साडेतीनशे, आणि त्यांत मुलं बोटांवर मोजण्याइतकी. मात्ती मोरोत्ताया आणि मार्या-लीसा ओल्तुइस यांच्यासारख्यांच्या भाषा मंडळानं १९९७ मध्ये घरटं सुरू केलं. मुलं बोलू लागली. पण ती शाळेच्या वयाची झाली तेव्हा शिकवायला शिक्षक नव्हते, पुस्तकं लिहायला लेखक नव्हते, रेडिओवर बोलायला निवेदक नव्हते. तिशी ते पन्नाशीतली, काम करणारी पिढीच भाषेत नव्हती.

ओल्तुइस यांनी ही मधली पिढी नव्यानं घडवायचं ठरवलं. २००९-१० मध्ये सतरा प्रौढांना वर्षभर पूर्णवेळ इनारी सामी शिकवण्यात आली. वर्गातला अभ्यास झाला की एकेकानं एकेका म्हाताऱ्या माणसाच्या घरी जायचं आणि त्याच्याबरोबर दिवस काढायचा. मासे साफ करायचे, सूप शिजवायचं, शिवणटिपण करायचं, आणि तोंडानं फक्त इनारी सामी. गुरूच्या घरी राहून शिकण्याची ही रीत त्यांनी कॅलिफोर्नियातल्या आदिवासींकडून घेतली. तिथे १९९२ पासून एक जाणता आणि एक शिकाऊ अशी जोडी लावून भाषा शिकवली जात होती. असा प्रशांत महासागरातून आलेला एक धागा आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून आलेला दुसरा, आर्क्टिकच्या काठी एकत्र विणले गेले. त्या सतरांतले कितीतरी जण पुढे शिक्षक, पत्रकार आणि घरट्यांतले कार्यकर्ते झाले. घरटं लहान मुलाला भाषा देतं. त्या मुलाला वाढवायला भाषेत वावरणारी मोठी माणसं लागतात, हा धडा इनारीनं सगळ्या जगाला दिला.

आता पुन्हा न्यूझीलंडला यायला हवं, कारण या कल्पनेला जिथे ग्रहण लागलं ते ठिकाणही तेच. १९९३ च्या सुमारास देशात आठशेहून अधिक घरटी आणि त्यांत १४ हजारांवर मुलं होती. त्याआधी, १९९० मध्ये, घरट्यांचा कारभार माओरी व्यवहार खात्याकडून शिक्षण मंत्रालयाकडे गेला होता. मंत्रालयाच्या दृष्टीनं घरटं म्हणजे बालवाडीचा एक प्रकार. मग खोलीचं माप, कुंपण, नोंदवह्या आणि शिक्षकांच्या पात्रता यांचे नियम लागू झाले. मुलांच्या सुरक्षिततेचे नियम आवश्यकच आहेत, त्याला कोणाचीच हरकत नव्हती. पण पदवीधर शिक्षक असलेल्या बालवाड्यांना जास्त अनुदान आणि कुटुंबानं चालवलेल्या जागेला कमी, असा हिशेब ठरल्यावर आजीची किंमत पदविकेपेक्षा कमी झाली. अस्खलित बोलणारे म्हातारे एकेक करून जात होते, त्यांची जागा भरून निघत नव्हती. पुढच्या वीस वर्षांत घरट्यांची संख्या चाळीस टक्क्यांहून जास्त घटली. चळवळीला अखेर स्वतःच्या सरकारविरुद्ध न्यायाधिकरणाकडे जावं लागलं. घरट्यांचं वेगळेपण ओळखण्यात सरकार कमी पडलं आणि त्यानं कराराचा भंग केला, असा निष्कर्ष न्यायाधिकरणानं २०१२ मध्ये काढला.

ही भाषा वाचली का, असं कोणी विचारलं तर खरं उत्तर असं की ती अजून झगडते आहे. २०१३ च्या जनगणनेत सुमारे सव्वा लाख माओरींनी, म्हणजे दर पाचांत एकानं, माओरीत संभाषण करता येतं असं सांगितलं. ही माणसं बोलतात, पण घरात सतत माओरी बोलणारी कुटुंबं अजून थोडी आहेत. तरीही १९७५ ची स्थिती आठवली की काय कमावलं ते कळतं. हाना-राफिती माइपी-क्लार्क ही २००२ मध्ये जन्मलेली मुलगी माओरी माध्यमात शिकली आणि २०२३ मध्ये एकविसाव्या वर्षी संसदेत निवडून आली. सह्यांचा अर्ज नेणाऱ्या हाना ते हेमारा तिच्या नात्यातल्या. ज्या संसदेच्या पायऱ्यांवर एका पिढीनं भाषा शिकवा म्हणून हात जोडले, तिथेच दुसरी पिढी त्या भाषेत भाषण करते आहे. याचं श्रेय शेकडो ओसऱ्यांवर पोरं सांभाळत बसलेल्या आज्यांचं आहे.

आता महाराष्ट्राकडे. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, जामोद, सोनबर्डी आणि आसपासच्या वस्त्यांत निहाली ही भाषा बोलली जाते. बोलणारे दोन-अडीच हजार असावेत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. निहालीनं शेजारच्या कोरकूतून, मराठीतून आणि द्राविडी भाषांतून पुष्कळ शब्द घेतले आहेत. पण तिच्या शब्दसंग्रहाच्या सुमारे चौथ्या हिश्शाचं मूळ जगातल्या कुठल्याच भाषाकुळात सापडत नाही. ग्रियर्सनच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात तिला मुंडा भाषांच्या गटात बसवलं गेलं होतं. १९६२ मध्ये कायपर या डच पंडितानं तिचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या अभ्यासकांनी अलीकडे तिच्यावर काम केलं आहे. आर्य, द्राविड, मुंडा यांच्या आधी या भूमीवर माणसं काय बोलत होती, याचा एखादा दुवा तिच्यात असू शकतो. तरी आपल्या जनगणनेत दहा हजारांहून कमी बोलणारे असलेल्या भाषांचे आकडे स्वतंत्रपणे छापले जात नाहीत, त्यामुळे सरकारी तक्त्यात ती दिसतही नाही. निहाली माणसाला कोरकू, मराठी, हिंदी येते. बाजार, शाळा आणि दवाखाना निहालीशिवाय चालतो. माओरींच्या पुढाऱ्यांनी १५० वर्षांपूर्वी जो हिशेब मांडला होता, तोच इथेही मनातल्या मनात मांडला जात असणार: शाळेत दुसरी शिकू दे, आपली घरी येईलच.

घरट्यासाठी लागणारी जागा आपल्याकडे आधीपासून आहे. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, बालशिक्षण आदिवासींच्या दारात नेलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात जाईल, या विचारातून अंगणवाडी आकाराला आली. २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजनेनं ती देशभर नेली. शून्य ते सहा वर्षांची मुलं, खाऊ, गाणी, आई आणि आजीचं येणंजाणं, हे सगळं तिथे आहे. निहालीच्या पाड्यांवर त्यात भर घालायची ती एवढीच: दिवसाचे काही तास फक्त निहाली, आणि ती बोलायला पाड्यावरच्या एक-दोन वडीलधाऱ्या बायका मानधनावर. हे करायला मोठा निधी नको, नवी इमारत नको.

मात्र वाइनुइओमातापासून इनारीपर्यंतचा सगळा अनुभव दोन अटी घालतो. या बायका कोण असाव्यात, किती तास बसाव्यात, काय सांगावं, हे पाड्यानं ठरवायचं. सरकारनं पैसा द्यावा आणि मुलांची सुरक्षितता पाहावी. शिक्षणाच्या अटी लावून आजीला बाहेर काढू नये. दुसरी अट पालकांसाठी. मूल अंगणवाडीत निहाली बोलून घरी आलं, तर घरानं त्याला निहालीतच उत्तर द्यावं. त्यासाठी निहाली बोलणाऱ्या तरुणांना आपल्या भाषेचा अभिमान वाटावा, अशी कामं त्यांच्या हाती यायला हवीत: गोष्टींची पुस्तकं, रेडिओवरचा कार्यक्रम, शाळेतला सहायक शिक्षक.

माओरींना आणि हवाईयनांना आईबापांची पिढी ओलांडून उडी मारावी लागली, कारण त्यांनी सुरुवात केली तोवर ती पिढी भाषेतून निघून गेली होती. इनारीला ती पिढी पैसा आणि वर्षं घालून पुन्हा घडवावी लागली. निहालीचं हे सगळं अजून टाळता येण्यासारखं आहे. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवं संशोधनही लागत नाही. जळगाव जामोदच्या पाड्यांवरच्या अंगणवाड्यांचा पुढच्या वर्षाचा आराखडा करताना जिल्हा परिषदेनं तिथल्या आयाबायांना बोलावून एक प्रश्न विचारावा: तुम्हाला इथे तुमची भाषा हवी आहे का? उत्तर हो असेल, तर त्या ठरवतील तसं करावं, आणि लगेच करावं.